गुडघे टेकून उठताना



प्रायश्चित्तकाळाचे शेवटचे दिवस जवळ आले, की आम्हांस काही वर्षांपूर्वीच्या एका शुभ शुक्रवारची आठवण होते आणि मन खजील होते. आजवर ही हकीकत आम्ही कोणास सविस्तर सांगितली नाही. परंतु ज्या चुकीची कबुली दिल्याने दुसऱ्या कोणाचे हाड मोडावयाचे वाचेल, ती चूक धर्मगुरूने झाकून ठेवणे योग्य नव्हे. म्हणून आज ती या साप्ताहिकाच्या वाचक कुटुंबांपुढे मांडीत आहोत.

कमठाणा हे गाव बीदर शहरापासून फार दूर नाही. तांबडी जमीन, तुरीची व ज्वारीची शेते, पावसाच्या पाण्यावर भरणारे तळे, आणि घरी मराठी, शाळेत कानडी व बाजारात दख्खनी बोलणारी माणसे, असा हा आमचा सीमाभाग. या परिसरात विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांची सेवा करण्याचे भाग्य आम्हांस लाभले. आमचे प्रार्थनामंदिर लहान, छत पत्र्याचे, बाके दोनचारच. बहुतेक भाविक सतरंजीवर बसतात, तेथेच गुडघे टेकतात आणि तेथूनच उठून उभे राहतात.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचे शुभवर्तमान वाचले जात असता मागच्या बाजूस काही मंडळी खाली बसली. ते पाहून आम्हांस राग आला. प्रवचनात आम्ही कठोर शब्द वापरले. प्रभू आपल्यासाठी क्रूसावर तासन् तास लटकला, आणि आपणांस अर्धा तास उभे राहवत नाही काय? येत्या शुक्रवारी वाचन चालू असता कोणी बसलेले आम्हांस दिसू नये! मंदिरात शांतता पसरली. आपले शब्द परिणामकारक झाले, असे वाटून आम्ही मनात थोडे सुखावलोही. ते किती परिणामकारक झाले होते, हे आम्हांस पाच दिवसांनी समजले.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता उपासना सुरू झाली. एप्रिलचे ऊन पत्र्यावर तापत होते. सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई पलीकडच्या वस्तीवरून पायी आल्या होत्या. रक्तदाबाची गोळी गिळण्यापुरता घोटभर पाणी सोडले, तर सकाळपासून त्यांच्या पोटात काहीच नव्हते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील दोन अध्यायांचे ते लांब वाचन त्यांनी भिंतीशी उभे राहून ऐकले. प्रभूने प्राण सोडल्याचे शब्द आले, तेव्हा रीतीप्रमाणे सर्वांनी गुडघे टेकले व सारे स्तब्ध झाले. मग सर्व उठले. आजीबाईही उठल्या, क्षणभर ताठ उभ्या राहिल्या, भिंत चाचपण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, आणि त्या धाडकन खाली कोसळल्या.

आम्ही वेदीवरून धावलो. तोवर दोघा तरुणांनी त्यांना बगलेत हात घालून उचलले होते. कोणी कांदा फोडून आणला, कोणी नाकाशी वहाण धरली, कोणी तोंडात पाणी ओतू लागले. आणि आम्ही, जे सेमिनरीत इतकी वर्षे शिकलो होतो, मोठ्याने म्हणालो, "त्यांना खाली पडू देऊ नका! खुर्चीवर बसवा!" त्या दोघा तरुणांच्या मध्ये आजीबाई रिकाम्या पोत्यासारख्या लोंबत होत्या. तोंड राखेच्या रंगाचे झाले होते. इतक्यात परिचारिकेचे शिक्षण घेत असलेली आमच्या गावची एक मुलगी, जी सणासाठी घरी आली होती, गर्दीतून वाट काढीत पुढे आली. "फादर, आडवं करा त्यांना! बसवू नका, आडवं करा!" आम्हांस तिने अक्षरशः बाजूस सारले. आजीबाईंना सतरंजीवर उताणे निजवून तिने त्यांचे पाय एका चौरंगावर ठेवले. अर्ध्या मिनिटाच्या आत गालांवर रंग आला व डोळे उघडले.

त्यांचे उजवे मनगट मोडले होते. परंतु त्यांनी हाताकडे पाहिले नाही. आम्हांस पाहून त्या ओशाळल्यागत म्हणाल्या, "फादर, तुमी बसू नका म्हनलाव, म्हणून उभारले मी."

वाचकहो, आम्ही अनेकांचे पापनिवेदन ऐकले आहे. परंतु आमच्याच पापाची इतकी सौम्य जाणीव आम्हांस दुसऱ्या कोणी करून दिली नव्हती.

त्याच सायंकाळी आम्ही त्यांना घेऊन बीदरला गेलो. मनगट बसवून झाल्यावर तेथील डॉक्टरांनी एक गोष्ट केली, जी आम्ही पूर्वी कधी पाहिली नव्हती. आजीबाईंना त्यांनी पाच मिनिटे निजवून ठेवले व रक्तदाब मोजला. वरचा आकडा 150 होता. मग त्यांना धरून उभे केले व एका मिनिटाने पुन्हा मोजला. आकडा 118 वर आला होता! "फादर," डॉक्टर म्हणाले, "उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर त्या माणसाला उभे राहण्याचा धोका आहे, असे आम्ही समजतो. यांचा बत्तीसने उतरला. यांना तर तुम्ही अर्धा तास उभे केले होते." पुढे त्यांनी जे समजावून सांगितले, ते आणि त्यानंतर आम्ही वाचून जे जाणून घेतले, ते येथे सांगतो.

आपण शेतकरी मंडळी. पाण्याला दारे धरणे म्हणजे काय, हे आम्ही आपणांस सांगावयास नको. विहिरीवरून पाणी पाटाने येते. शेताच्या एका कोपऱ्यात टेकाडावर एक वाफा आहे. सखल भागातील सगळी दारे एकदम मोकळी सोडली, तर पाणी तिकडेच पसरते आणि टेकाडावरचा वाफा कोरडा राहतो. म्हणून दारे धरणारा गडी खोरे घेऊन उभा असतो. पाटातील पाणी उतरले, की तो खालची दारे आवळतो आणि विहिरीवरच्या माणसाला पाणी वाढविण्यास हाक घालतो.

मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि विश्रांतीच्या वेळी हृदय दर मिनिटाला जवळजवळ तितकेच रक्त पाटात ढकलते. मेंदू हा आपला टेकाडावरचा वाफा होय. आपण निजलेले असतो तेव्हा मेंदू व हृदय एकाच पातळीवर असतात, म्हणून काही अडचण नसते. उभे राहताच मेंदू हृदयापेक्षा सुमारे एक फूट उंच जातो, आणि त्याच वेळी अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या व पोटाच्या शिरांत खाली उतरते. शिरा मऊ असतात. त्या फुगतात व रक्त धरून ठेवतात. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, म्हणून हृदय बाहेर टाकते तेही कमी होते, आणि दाब उतरतो. मेंदूला तर आठदहा सेकंददेखील रक्तावाचून धीर धरवत नाही. एवढ्यातच शुद्ध हरपते.

मग आपण सर्व जण रोज सकाळी अंथरुणातून उठताना का पडत नाही? कारण देवाने आपल्या शरीरातही दारे धरणारा नेमला आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंस, जबड्याच्या कोनाखाली, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला एक छोटासा फुगवटा असतो. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही तसेच स्थान आहे. तेथील भिंतीत अतिसूक्ष्म मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. रक्ताच्या दाबाने भिंत ताणली गेली, की ही टोके मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राकडे भराभर संदेश धाडतात. ताण कमी झाला, की संदेश विरळ होतात. पहारेकऱ्याची हाळी थांबली, म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे जसे गाव ओळखते, तसे ते केंद्र त्या विरळ संदेशांवरून ओळखते.

आता हृदयाला घोड्याप्रमाणे एक लगाम आहे आणि एक टाच आहे. एका मज्जातंतूने त्याची गती कमी होते, दुसऱ्या प्रकारच्या तंतूंनी ती वाढते. दाब उतरल्याचे कळताच केंद्र प्रथम लगाम सैल सोडते. हे काम पुढच्या एकदोन ठोक्यांतच होते. मग टाच मारली जाते. नाडी मिनिटाला दहावीस ठोक्यांनी वाढते. त्याच बरोबर पोटातील, कातडीतील व स्नायूंतील बारीक रोहिण्या आवळल्या जातात, म्हणजे सखल भागातील दारे बंद होतात. आणि शिराही आक्रसून साठलेले रक्त वर ढकलतात. हे सारे काही सेकंदांत घडते. आपण उठतो, दोन पावले टाकतो, गाईला वैरण घालावयास जातो, आणि आपल्या शरीरात केवढी धावपळ होऊन गेली, याचा आपणांस पत्ताही नसतो. उलट दाब एकाएकी चढला, तर हेच केंद्र लगाम खेचते व दारे मोकळी करते.

दाब राखणारा हा पहिला पहारा होय. त्याच्या मागे दुसरे आहेत. दाब काही मिनिटे उतरलेलाच राहिला, तर मूत्रपिंडे रक्तात असे द्रव्य सोडतात, की ज्यायोगे रक्तवाहिन्या अधिक आवळल्या जातात. आणि अवतीभवतीच्या पेशींमधील पाणी हळूहळू रक्तवाहिन्यांत शिरते. त्याहून लांबचा हिशेब, म्हणजे शरीरात पाणी व मीठ किती ठेवावयाचे आणि किती बाहेर टाकावयाचे, हा मूत्रपिंडे दिवसांच्या गतीने चुकता करतात. सेकंदांचे काम मज्जातंतूंचे, मिनिटांचे काम रक्तातील द्रव्यांचे, दिवसांचे काम मूत्रपिंडांचे. संत पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, तीत एक अवयव दुसऱ्यास नको म्हणू शकत नाही; ते वाचताना आम्हांस आता हे पहारेकरी आठवतात.

तर मग आजीबाईंचा पहारेकरी त्या दिवशी कोठे गेला होता? तो होता, परंतु त्याच्यावर चहूंकडून संकट आले होते. वय झाले, की रोहिण्या ताठर होतात. भिंत पूर्वीसारखी ताणली जात नाही, त्यामुळे संदेश क्षीण होतो. दिवसभर पाणी घेतले नव्हते, म्हणजे पाटातच पाणी कमी होते. उन्हामुळे अंग थंड ठेवण्यासाठी कातडीची दारे मोकळी झाली होती. रक्तदाबाच्या गोळीने वाहिन्या सैल केल्या होत्या. बराच वेळ निश्चल उभे राहिल्याने पोटऱ्यांचे काम थांबले होते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात तेव्हा ते शिरांतील रक्त वर चढवितात, म्हणून त्यांस दुसरे हृदय म्हणावयास हरकत नाही. आणि इतक्या सगळ्यांवर, त्या गुडघ्यांवरून एकदम उठल्या. एकटा गडी किती दारे धरणार?

आणि आमच्या चुकीचा दुसरा भाग पाहा. मूर्च्छा येऊन मनुष्य खाली पडतो, हे शरीराचे दुबळेपण आहे असे आपण समजतो. वस्तुतः पडण्यातच त्याचा बचाव असतो. आडवे झाल्याबरोबर टेकाडावरचा वाफा सपाटीवर येतो व पाणी आपोआप तेथे पोहोचते. ज्याला आपण दयेने उभे धरतो किंवा खुर्चीवर बसवितो, त्याचा तो बचावाचा मार्ग आपण बंद करतो, आणि मेंदूस रक्तावाचून अधिक वेळ ठेवतो. आमच्या त्या हुकमाने आजीबाईंना आणखी केवढी इजा झाली असती, या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो.

सेमिनरीत असताना आत्मा हा शरीराचे रूपतत्त्व होय, हे संत थॉमस अक्वायनस यांचे मत आम्ही तोंडपाठ केले होते. परंतु ज्या शरीराचे ते रूपतत्त्व, ते शरीर उभे राहते तेव्हा आत काय घडते, असे विचारण्याची बुद्धी आम्हांस झाली नव्हती. ती बुद्धी ज्यास झाली, तोही एका गावाचा धर्मोपदेशकच होता, हे वाचून आम्हांस मौज वाटली व थोडी लाजही वाटली. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचे अँग्लिकन पाळक होते. त्यांनी एका घोडीच्या रोहिणीस उभी काचनळी जोडली व रक्त तीत किती उंच चढते ते पाहिले. हृदयाच्या पातळीपासून ते 8 फूट 3 इंच चढले, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर होऊ लागले. 1733 साली त्यांनी हे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या मुक्या जनावराची कीव येते खरी, पण रक्ताला दाब असतो व तो मोजता येतो, हे जगाला तेव्हा कळले. पुढे 1896 साली इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा काढला, आणि 1905 साली रशियातील कोरोटकॉफ यांनी त्याखालील आवाज ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत दाखविली. गळ्यातील व महारोहिणीतील त्या पहारेकऱ्यांवर बेल्जममधील कॉर्नील हेमान्स यांनी पुष्कळ काम केले. तेथूनच श्वासाचेही नियमन कसे होते, हे दाखविल्याबद्दल त्यांना 1938 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या डॉक्टरकडील आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरात असतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड आहे. म्हणजे 120 हा आकडा सुमारे सव्वापाच फूट उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होतो. मेंदू हृदयाच्या एक फूट वर असल्याने उभ्या माणसाच्या मेंदूपाशी दाब बावीसएक मिलिमीटरने कमीच असतो. म्हणून खालचा दाब थोडा ढळला, तरी त्याची पहिली झळ मेंदूस लागते.

आता त्या शुक्रवारनंतर गावात काय झाले, ते सांगितले पाहिजे. आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या भागात मराठीत भोवळ, कानडीत तलेसुत्तु आणि दख्खनीत चक्कर असे म्हणतात. पण त्या दिवशीच्या भोवळीला लोकांनी निराळेच नाव दिले. प्रभूने प्राण सोडला, नेमक्या त्याच वेळी आजीबाई पडल्या, तेव्हा हे दैवी चिन्हच होय, असे काही भाविक स्त्रिया म्हणू लागल्या. दुसऱ्या कोणी कुजबुजले, की त्यांना बाहेरचे काही लागले असावे. पहिली समजूत आमच्या पथ्यावर पडणारी होती, हे आम्ही लपवीत नाही. चिन्ह म्हटले की आमची चूक पुसली जात होती! परंतु पास्काच्या दुसऱ्या रविवारी आम्ही प्रवचनात स्पष्ट सांगितले, की ती त्या क्षणी पडली, कारण त्या क्षणी सर्वांनी गुडघे टेकले आणि मग सर्व उठले. आणि ती उपाशी, तहानलेली उभी होती, कारण आम्ही तिला उभी केली होती. देवाचे चमत्कार आम्ही मानतो. परंतु आपल्या निष्काळजीपणावर त्याच्या नावाचा शिक्का मारणे, हे त्याचे नाव व्यर्थ घेणे आहे.

दुसरा अनर्थ त्याहून मोठा होऊ घातला होता. गोळीने आजीबाई पडल्या, असे ऐकून तिघाचौघांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. "आमाला कुठं काय त्रास हाय?" असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, गळ्यातील पहारेकऱ्याचा एक दोष आहे: त्यास सवय लागते. दाब कायमचा चढलेला राहिला, तर एकदोन दिवसांतच तो त्या चढलेल्या दाबासच योग्य समजू लागतो व त्याचीच राखण करतो. म्हणून वाढलेल्या रक्तदाबाचा रोगी सुखाने हिंडतो, फिरतो, आणि आत हृदय, मूत्रपिंडे व मेंदूच्या वाहिन्या झिजत राहतात. क्षणाक्षणाची राखण करणे हे पहारेकऱ्याचे काम. वर्षानुवर्षांचा रोग बरा करणे त्याच्या हाती नाही. त्यासाठी औषध पाहिजे. हे ऐकून आम्हांस सदसद्विवेकबुद्धीची आठवण झाली. तिलाही सवय लागते, आणि मग ती गप्प बसते!

या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे आपल्या रोग्यांवर पडताळून 1949 साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष या आपल्या वनस्पतीकडे वेधले. 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज तिची जागा इतर औषधांनी घेतली आहे. पण रक्तदाबावर उपाय आहे, हा विश्वास त्या काळी रुजला. आजीबाईंची गोळीही डॉक्टरांनी बंद केली नाही. मात्रा व वेळ तेवढी बदलली. गोळी बंद करणे किंवा बदलणे हे काम डॉक्टरांचे. ते शेजाऱ्याचे नव्हे आणि धर्मगुरूचेही नव्हे.

चर्चचा कायदा आम्ही शिकलो होतो, पण त्या दिवशी विसरलो होतो. 1983 सालच्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागते आणि साठावे वर्ष लागताच सुटते. पाण्याने व औषधाने कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर त्या एका तासाचीही सूट आहे. वृद्धांनी व दुबळ्यांनी उपासनेत बसण्यास चर्चने कोठेही मनाई केलेली नाही. चर्च माता आहे; तिच्यापेक्षा कठोर होण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? एलिया संदेष्टा रानात थकून झुडुपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्यास प्रवचन दिले नाही. उशाशी भाकर व पाण्याची सुरई ठेवली, दोनदा खाऊपिऊ घातले, आणि मग वाटेस लावले.

आता आमच्या मंदिरात दुःखसहनाच्या वाचनापूर्वी वेदीवरून सूचना दिली जाते: वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया यांनी बसून ऐकावे. त्यानंतरच्या दहा महाप्रार्थनांच्या वेळी गुडघे टेकणे व उठणे होते, तेव्हाही त्यांनी बसूनच राहावे. दाराशी पाण्याचा माठ ठेवलेला असतो. भिंतीलगत सहा खुर्च्या मांडलेल्या असतात. घरोघरी पाळाव्या अशा चार गोष्टीही आम्ही येथे सांगून ठेवतो.

सकाळी अंथरुणातून, किंवा रात्री लघवीस उठताना, वृद्धांनी प्रथम उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, पोटऱ्या हलवाव्या, मग आधार धरून उभे राहावे. उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे; म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावते. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी बेताने पिण्यास सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे. फार वेळ उभे राहणे भागच असेल, तर पायांच्या बोटांवर चढावे उतरावे, मांड्या आवळाव्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, कान घुमू लागले, घाम सुटला, की लाज न धरता तेथल्या तेथे बसावे किंवा आडवे व्हावे. लाजेपायी उभे राहिलेल्यांचीच हाडे मोडतात.

कोणास भोवळ आली, तर त्यास उताणे निजवावे, पाय वर उचलून धरावे, गळ्याशी कपडा सैल करावा, गर्दी हटवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. कांदा व वहाण यांचा काही उपयोग नाही. गळ्याच्या बाजूस चोळू किंवा दाबू नये, कारण पहारेकरी तेथेच आहे, आणि दाबाने तो फसून दाब आणखी उतरवितो. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, हातापायातील शक्ती गेली असेल, डोक्यास मार लागला असेल, तर वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वेदीसेवक मुलांनाही कधी कधी उभ्या उभ्या भोवळ येते. भीतीने, रक्त पाहून किंवा फार वेळ ताटकळून त्यांच्या शरीरात लगाम एकदम खेचला जातो व सगळी दारे एकाच वेळी उघडतात. त्यास भूतबाधा म्हणू नये व मुलास रागावू नये. पण असे वारंवार झाले, किंवा धावताना खेळताना झाले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

पुढच्या वर्षीच्या शुभ शुक्रवारी आजीबाई पुन्हा आल्या. या खेपेस त्यांचा नातू त्यांना गाडीवर बसवून घेऊन आला होता. भिंतीजवळची पहिली खुर्ची आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. वाचन सुरू झाले, तसे आम्ही त्यांच्याकडे पाहिले. त्या बसून ऐकत होत्या; ज्या मनगटाला गाठ राहून गेली आहे, त्या हातात जपमाळ होती. प्रभूने प्राण सोडला, सर्वांनी गुडघे टेकले. आजीबाईंनी बसल्या जागी मान लववली. मग सारे उठले, आणि वाचन संपत आले, तेव्हा आम्हांस दिसले, की खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून, एकेक पाय हलवीत, त्या हळूहळू उभ्या राहत आहेत. या वेळी त्यांना उभे राहण्यास कोणी सांगितले नव्हते.

आम्ही त्यांना बसण्याची खूण केली. त्यांनी मान हलवून नकार दिला व त्या किंचित हसल्या. मग आम्हीही वाचनाकडे वळलो. परंतु आमचे अर्धे लक्ष त्या हातांकडे होते, आणि प्रभूस ते आवडले नसेल असे आम्हांस वाटत नाही.